नमुन्याबरहुकूम

"सायेब, नमुना हलका झालाय."

अण्णा हे बोलले तेव्हा मी काट्याच्या एका पारड्यात ठेकेदाराचं नवं ब्लँकेट ठेवत होतो. दुसऱ्या पारड्यात आमचा मोहोरबंद नमुना होता. काटा अगदी समतोल होता आणि मला जेवायला जायचं होतं. साल बासष्ट, महिना ऑगस्ट.

"अण्णा, नमुना कसा हलका होईल? नमुना तो नमुना," मी म्हणालो आणि हसलो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, बी. एस्सी. झालेला होतो आणि मला पुष्कळ गोष्टींचं हसू यायचं.

नगरच्या छावणीत, इंग्रजांच्या घोड्यांच्या जुन्या तबेल्यात आमची कचेरी होती. नाव लांबलचक : लष्करी लोकरी माल खरेदी व तपासणी कचेरी. गावात तिला घोंगडी कचेरी म्हणायचे, आणि टांगेवाल्याला पूर्ण नाव सांगितलं तर तो बुचकळ्यात पडायचा. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला निघालेल्या फौजेसाठी ब्लँकेटं विकत घ्यायला एक गोरा कॅप्टन आणि दोन कारकून इथे येऊन बसले, ती सुरुवात. दुसऱ्या महायुद्धात इथे साठ माणसं कामाला होती. सत्तेचाळीस साली पाट्या बदलल्या आणि साहेबाची खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं, बाकी काही बदललं नाही. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण कचेरीच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत तिचा इतिहास मीच लिहिला. चौदा पानं लिहिली. त्यात बासष्ट-त्रेसष्ट सालांना मिळून दीड ओळ आहे. 'या काळात तपासणीच्या पद्धतीत काही आवश्यक सुधारणा करण्यात आल्या.' त्या ओळीवर फोटो छापायलाही स्मरणिका काढणाऱ्यांकडे काही नव्हतं.

आमचं काम सोपं होतं. दिल्लीहून एक ब्लँकेट मोहोर लावून यायचं, तो नमुना. ठेकेदाराने आणलेला माल रंगाला, विणीला आणि वजनाला त्या नमुन्याबरहुकूम असला पाहिजे. तसा असला की परीक्षकाने मालाच्या चिठ्ठीवर 'पास' म्हणून शिक्का मारायचा, त्याखाली मी 'पानसे' अशी सही करायची आणि माझ्याखाली आमचे प्रमुख सुखटणकरसाहेब सही करायचे. माल मग रेल्वेने जिथे जायचा तिथे जायचा. तिथे कोण तो अंगावर घेतो याचा विचार आमच्यापैकी कुणी करत नसे. मी तरी कधी केला नाही.

अठ्ठावन्न साली सरकारने रत्तल बंद करून किलो आणला. एक दिवस ट्रक आला आणि आमची रत्तलाची जुनी वजनं घेऊन गेला. किलोची वजनं 'मागणी केल्यास' मिळणार होती. मागणी केली, ती मिळाली नाहीत. मग सुखटणकरसाहेबांनीच तोड काढली. नमुन्याबरोबरीचाच माल घ्यायचा ना, मग नमुनाच ठेवा एका पारड्यात. कचेरीतल्या सगळ्यांनी साहेबांच्या डोक्याची तारीफ केली. चार वर्षं आम्ही तसंच तोलत होतो.

त्या नमुन्याला आम्ही देवासारखा जपायचो, म्हणजे त्याचे हालच करायचो. खंडेनवमीला काट्याची आणि नमुन्याची पूजा व्हायची, वर हळदकुंकू पडायचं. दसरा झाला की ती हळद घोड्याच्या खराऱ्याने घासून काढायची. तबेल्यात खरारे पुष्कळ उरले होते. कुणी वरिष्ठ पाहणीला येणार असला की पुन्हा खरारा. पावसाळ्याआधी ऊन आणि काठीचा मार. शिवाय रोज पारड्यात चढायचं आणि उतरायचं. असा तो नमुना पंधरा वर्षांचा झाला होता.

"लोकर हाय सायेब, लोखंड न्हाई," अण्णा म्हणाले. "पाऊन रत्तलानं उतरलाय. ठेकेदारांच्या कवाच ध्यानात आलंय. नमुना उतरतोय तसा त्येंचा मालबी उतरत आलाय."

अण्णा म्हणजे मायाप्पा हिंगमिरे, आमचे परीक्षक. जातीने सनगर, मंगळवेढ्याकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या घोंगडी विणलेली. बेचाळीस साली, महायुद्धाच्या धामधुमीत, गोऱ्या साहेबाने त्यांचा हात पाहिला आणि त्यांना मागावरून उठवून नोकरीत घेतलं. अण्णा ब्लँकेटची घडी मनगटाच्या आतल्या बाजूवर तोलायचे, दोन बोटांत काठ चोळायचे, आणि लोकर कुठली, किती धुतलेली, वजन किती ते सांगायचे. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मराठीत कशीबशी सही करायचे. तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते आणि पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. मुलं नव्हती. बायको होती, तिला दिसत नव्हतं. त्या पेन्शनीवर दोघांचं म्हातारपण टेकलेलं होतं.

मी विचारलं, "साहेबांना सांगितलंत का?"

"चार वर्सं सांगतूया. साहेब म्हंत्यात लिवून दे. मला लिवाय येत असतं तर हितं कशाला आलो असतो? तुमी लिवा की."

मी लिहिलं. त्याच दुपारी, चांगल्या इंग्रजीत, खाली तारीख घालून. खरं सांगायचं तर जवानांच्या काळजीने लिहिलं नाही, माझं इंग्रजी साहेबांच्या नजरेत भरावं म्हणून लिहिलं. सुखटणकरसाहेबांनी चिठ्ठी वाचली, एक शब्द दुरुस्त केला, "बघू" म्हणाले आणि ती खणात टाकली. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत सहा ठेकेदारांचा माल आला. सहाही वेळा काटा समतोल राहिला. सहाही वेळा मी सही केली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. चीनचं युद्ध झालं, बर्फात झालं, आणि आम्ही हरलो. हिवाळ्याच्या शेवटाला इस्पितळांतून बातम्या येऊ लागल्या. हातापायांची बोटं कापावी लागलेली पोरं होती, आणि त्यांच्या अंगावरची ब्लँकेटं कुणीतरी उजेडासमोर धरून पाहिली होती. मार्चमध्ये आमच्या कचेरीवर चौकशी समिती आली. एक कर्नल, दिल्लीचे एक सचिव आणि लोकरीचे एक तज्ज्ञ. ती येण्याच्या आदल्या दिवशी, पार्सल गाडीने, किलोची वजनं येऊन पोचली. पाच वर्षं मागत होतो ती एका रात्रीत आली.

समितीने गोदामातली ब्लँकेटं वजनावर चढवली. सगळी हलकी. पास झालेल्या मालाच्या चिठ्ठ्या तपासल्या. सगळ्यांवर पहिला शिक्का मायाप्पा हिंगमिरे यांचा. खाली माझी सही आणि साहेबांची सही, पण दोन्हींच्या वर छापील ओळ होती : 'परीक्षकाच्या अभिप्रायानुसार'.

पहिल्या दिवशी कर्नलसाहेबांनी अण्णांना हिंदीतून चार प्रश्न विचारले. अण्णा घाबरले आणि चारही प्रश्नांना त्यांनी "जी साब" एवढंच उत्तर दिलं. सचिवांनी कपाळाला हात लावला. अशा अडाण्याला परीक्षक कुणी नेमलं, असं ते इंग्रजीत पुटपुटले. मी दुभाष्या म्हणून शेजारीच उभा होतो. सुखटणकरसाहेबांनीही ते ऐकलं.

संध्याकाळी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. आमचं काय बोलणं झालं ते पुढे येईलच. तिथून निघालो तो मी सरळ अण्णांकडे गेलो.

अण्णा गोदामाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी मला शेजारी जागा करून दिली. नोकरी जाणार का, एवढंच त्यांनी विचारलं. गेली तर काय करायचं याचा हिशेब त्यांच्या मनात मांडून झाला असावा. गावाकडे माग मोडून पंधरा वर्षं झाली, आणि बायको आंधळी, असं स्वतःशीच म्हणाले.

मी म्हणालो, "अण्णा, त्यांना वाटतंय की तुम्हाला काही कळतच नाही. डोळे मिटून शिक्के मारता, असं वाटतंय त्यांना."

हे मात्र त्यांना लागलं. वीस वर्षांत त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं.

"त्यांना हात दाखवा तुमचा. डोळ्यांना पट्टी बांधून परीक्षा घ्या म्हणावं. एकदा त्यांनी तुमचा हात पाहिला की तुमच्या केसाला धक्का लागणार नाही."

"घेतील परीक्षा?"

"मी घ्यायला लावतो."

अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात मऊ होता. लोकरीतल्या तेलाने त्या लोकांचे हात तसे होतात.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता हॉलमध्ये सतरंजी अंथरली. अण्णा धुतलेला फेटा बांधून आले होते. त्यांनी हात धुतले, कोरडे केले आणि मांडी घालून बसले. पट्टी मी बांधली. घट्ट झाली का म्हणून विचारलं, तर म्हणाले, अजून आवळा, साहेबांना संशय नको.

कर्नलसाहेबांनी बारा ब्लँकेटं निवडून आणली होती. इस्पितळातली, गोदामातली, एक विलायती, एक स्वतःच्या बिछान्यातलं. शिपाई एकेक अण्णांच्या मनगटावर ठेवत होता, अण्णा सांगत होते, मी इंग्रजीत सांगत होतो, आणि तज्ज्ञ ते काट्यावर घालून रत्तलाचा किलो करून ताळा बघत होते.

"ह्यो पाच रत्तलाला पाव कमी. ह्यात कापूस घातलाय. ह्यो भायेरचा हाय, आपल्या मेंढराचा न्हवं. ह्यो साडेचार."

एकही चुकलं नाही. चौथ्या-पाचव्यानंतर तज्ज्ञ खुर्चीवरून उठून सतरंजीवर येऊन बसले. आठव्याला सचिवांनी चष्मा काढून पुसला. कचेरीतली माणसं दारात गोळा झाली होती, आणि आपलाच कुणी पैलवान आखाड्यात उतरावा तशी त्यांची छाती फुगत होती. माझीही फुगली असती.

बारावं ब्लँकेट मनगटावर ठेवल्याबरोबर अण्णा हसले. काठ चोळायचीसुद्धा गरज पडली नाही.

"ह्यो आपला नमुना. असायला पायजे त्यापेक्षा पाऊन रत्तल कमी."

कर्नलसाहेबांनी टाळी वाजवली. एकच, पण वाजवली. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी शांतपणे विचारलं की नमुना हलका आहे हे याला केव्हापासून माहीत आहे. मी ते मराठीत विचारलं. अण्णांच्या डोळ्यांवर अजून पट्टी होती, आवाजाच्या दिशेने त्यांनी मान वर केली.

"चार वर्सं झाली. नमुना पारड्यात घातला त्या पयल्या दिवसापास्नं."

आणि या चार वर्षांत आलेला माल याने पास केला?

"व्हय. नमुन्याबरोबर हाय का, एवढंच मला इचारत्यात. बरोबर हुता, म्हनून पास केला."

हे मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. सचिव लिहून घेऊ लागले. त्यांच्या टाकाचा आवाज मला ऐकू येत होता. अण्णांनाही येत असावा, कारण ते पुढे बोलले.

"पर मी गप न्हाई बसलो. सायबांना सांगितलं. पानसे सायबांना सांगितलं, त्यांनी चिठ्ठीबी लिवलीया. इचारा त्यांना."

कर्नलसाहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणतोय?"

सुखटणकरसाहेब खिडकीतून बाहेर बघत होते. हॉलमध्ये मराठी समजणारी सगळी माणसं दारात उभी होती, आणि इंग्रजी समजणारी सगळी खुर्च्यांवर बसली होती. दोन्ही समजणारे दोघेच होतो.

"त्याला आणखी काही सांगायचं नाही, असं म्हणतोय," मी म्हणालो.

आता आदल्या संध्याकाळचं बोलणं. साहेबांच्या टेबलावर माझी ऑगस्टमधली चिठ्ठी पसरलेली होती, तिच्यात त्यांनी दुरुस्त केलेल्या शब्दासकट. साहेब रागावले नव्हते. चहा मागवला होता, माझ्यासाठीही.

"पानसे, ही चिठ्ठी समितीला दिली तर हिंगमिरे सुटेल," ते म्हणाले. "मग तुम्ही सापडाल. हे लिहिल्यानंतर सहा वेळा सही केलीत तुम्ही. मीही सापडेन. ते असो. पण चिठ्ठी नुसती फाडून भागणार नाही. आज सचिव काय म्हणाले ऐकलंत ना? माणूस अडाणी ठरला, तर त्याला नेमणारे आणि त्याच्या शब्दावर सह्या करणारे पुढे येतात. माणूस जाणता ठरला, की सगळं त्याच्यापाशीच थांबतं. ठाऊक असून पास केलं. संपलं. तेव्हा त्याला जाणता ठरवू या. तुमचं ऐकतो तो."

मी विचारलं की अडाणी ठरले तर अण्णांचं काय होईल. साहेब म्हणाले, फार तर खाली उतरवून गठ्ठे बांधायला बसवतील, दोन वर्षांनी पेन्शन घेऊन गावी जाईल. आणि जाणता ठरला तर? साहेबांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. बाहेर शिपाई चहाचा स्टोव्ह विझवत होता. विझवू नकोस म्हणून मी त्याला सांगितलं.

त्यानंतर मी पायरीवर जाऊन अण्णांच्या शेजारी बसलो होतो.

परीक्षा संपली, मी पट्टी सोडली, तेव्हा कचेरीतल्या माणसांनी अण्णांना उचलून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. अण्णांनी सगळ्यांना चहा पाजला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमी न्हाई सुचवलं असतं सायेब, तर मी नुसताच घाबरून मेलो असतो." मी चहा प्यायलो. चांगला होता.

हुकूम यायला तीन आठवडे लागले. इंग्रजीतलं एक पान. सुखटणकरसाहेबांनी तो मला दिला आणि हिंगमिऱ्यांना वाचून दाखवून पोच घ्यायला सांगितलं. स्वतः ते त्या दिवशी लवकर घरी गेले.

अण्णांनी आधी सही केली, मग विचारलं, "हाताचं काय लिवलंय?"

दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं. मी मराठीत सांगितलं, "परीक्षक हिंगमिरे यांचा हात पूर्णपणे अचूक आहे, अशी समितीची खात्री झाली आहे."

"परत वाचा."

मी परत वाचलं. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. तिसरा परिच्छेद लगेच खाली होता. ठाऊक असूनही हलका माल पास केल्याबद्दल आजपासून नोकरीतून बडतर्फ, पेन्शनीचा हक्क नाही, कचेरीच्या आवारात येण्यास मनाई. त्यावर माझा अंगठा होता. तो मी उचलला नाही.

आजवर मी स्वतःला सांगत आलोय की मला त्यांची दया आली. खोटं आहे. तो परिच्छेद वाचला असता तर त्यांनी विचारलं असतं की चिठ्ठीचं काय झालं. मला त्या प्रश्नाची भीती होती, बाकी कशाची नव्हती.

"म्हंजे मी सुटलो?" त्यांनी विचारलं.

मी कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कपाळाला लावली. बायकोला वाचून दाखवायला शेजारचा मास्तर आहे, पण त्याचं इंग्रजी कच्चं आहे, असं म्हणाले. नुसती हाताची ओळ त्यांना तोंडपाठ झाली होती, ती म्हणतच ते बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ते कामावर आले.

माझं टेबल फाटकासमोरच्या खिडकीत होतं. पहारेकऱ्याने अण्णांना थांबवलेलं मला दिसलं. तो रोज त्यांच्याकडून तंबाखू घेणारा माणूस. तो काही सांगत होता आणि अण्णा मान हलवत होते, रागावले मात्र नव्हते. मग त्यांनी खिशातून कागद काढून त्याच्यापुढे धरला. पहारेकऱ्याला तो वाचता येत नव्हता. अण्णांनी वळून माझ्या खिडकीकडे बोट केलं.

"पानसे सायबांना इचार. त्यांनीच वाचून दावलाय."

पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. अण्णाही बघत होते, फेट्याखाली हात धरून, ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून. मी पहारेकऱ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. अण्णांना ते दिसलं की नाही, मला कळलं नाही.

फाटक बंद झालं. अण्णा पलीकडे दुपारपर्यंत उभे होते. साहेब कामात आहेत, मोकळे झाले की स्वतः येऊन सांगतील, असं ते पहारेकऱ्याला समजावत होते. तीनच्या सुमाराला मी मागच्या दाराने घरी गेलो.